किती वाजले? : इंग्रजीत वेळ विचारणं आणि सांगणं

आजचा विषय ऐकून काही जणांना हसू आलं असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आता ‘व्हॉट टाइम इज इट’ शिकवायला बसले! पाचवीच्या पुस्तकातला धडा आहे हा, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण पाचवीत आपण तो पाठ केला आणि सोडून दिला. त्याची गरज पडते ती पुढे, आणि पडते तेव्हा बहुतेक वेळा आपण घाबरलेले असतो. स्टेशनवर, विमानतळावर, दवाखान्यात.

हा विषय आम्ही का घेतला ते आधी सांगतो. आमचे एक ज्येष्ठ स्नेही मुलीकडे परदेशी गेले होते. वय ऐंशीच्या घरात, शिक्षण मराठी माध्यमातलं, नोकरी हिशेबाची. मधूनमधून विसरायला होतं म्हणून मुलीने डॉक्टरांकडे नेलं. तिथे परिचारिकेने कागद पुढे केला आणि इंग्रजीत सांगितलं, घड्याळ काढा, आकडे भरा, आणि काटे ‘टेन पास्ट इलेव्हन’वर लावा. यांनी सुबक वर्तुळ काढलं, बाराही आकडे जागच्या जागी लिहिले, आणि एक काटा दहावर लावला, दुसरा अकरावर. परिचारिकेने काही न बोलता नोंद केली. त्या नोंदीचं पुढे काय झालं, ते शेवटी सांगू. तोपर्यंत ‘टेन पास्ट इलेव्हन’ हे शब्द लक्षात ठेवा.

आता सुरुवात आपल्याच भाषेपासून करू. आपण विचारतो, ‘किती वाजले?’ वाजले म्हणजे काय? कुणीतरी काहीतरी वाजवलं. पूर्वी वेळ ही बघायची गोष्ट नव्हती, ऐकायची होती. घटिकापात्र पाण्यावर तरंगत ठेवायचं, तळच्या बारीक छिद्रातून त्यात पाणी शिरायचं, ते भरून बुडालं की एक घटका झाली, म्हणजे आजची २४ मिनिटं. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग तिथला. घटका भरली की टोला द्यायचा. टोला सगळ्या गावाला ऐकू जायचा, म्हणून कुणाच्याही मनगटावर घड्याळ नसताना वेळ सगळ्यांची होती.

गंमत म्हणजे इंग्रजीतही तेच आहे. ‘क्लॉक’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधल्या घंटेच्या शब्दावरून आला. आणि ‘फाइव्ह ओ’क्लॉक’ मधला तो ‘ओ’ म्हणजे ‘ऑफ द क्लॉक’चं आखूड रूप. म्हणजे ‘पाच वाजले’ आणि ‘फाइव्ह ओ’क्लॉक’ ही दोन्ही घंटेचीच लेकरं. म्हणूनच ‘ओ’क्लॉक’ फक्त पूर्ण तासाला लागतं. साडेपाचला ‘फाइव्ह थर्टी ओ’क्लॉक’ म्हणायचं नाही. आणि ‘फाइव्ह ओ’क्लॉक पी.एम.’ असंही सहसा कुणी म्हणत नाही. एक तर ‘फाइव्ह पी.एम.’, नाही तर ‘फाइव्ह ओ’क्लॉक इन द इव्हनिंग’.

आता विचारायचं कसं? मराठी मन ‘किती वाजले’ला शब्दाला शब्द लावतं आणि ‘हाउ मच टाइम हॅज हॅपन्ड’ असं काहीतरी निघतं. ऐकणारा गोंधळतो. मराठीत पाच हे आकडे कर्ता आहेत. ते वाजतात, आणि त्यांच्याप्रमाणे क्रियापद बदलतं. एक वाजला, दोन वाजले. दीड वाजला, अडीच वाजले. इंग्रजीला मात्र वाक्यात कर्त्याची खुर्ची रिकामी चालत नाही. बसवायला कुणी नसेल तर ती तिथे ‘इट’ला बसवते. ‘इट इज फाइव्ह’. हा ‘इट’ कोण? कुणीच नाही. ‘इट इज रेनिंग’ मधला पाऊस पाडणारा जो ‘इट’, तोच हा. आणि तो कायम एकवचनी. पाच असोत की बारा, ‘इट इज’च. ‘फाइव्ह ओ’क्लॉक आर’ होत नाही.

साधा प्रश्न ‘व्हॉट टाइम इज इट?’ किंवा ‘व्हॉट्स द टाइम?’ अनोळखी माणसाला मात्र आधी ‘एक्सक्यूज मी’ म्हणावं आणि थोडं वळण घ्यावं. ‘कुड यू टेल मी द टाइम, प्लीज?’ हे सगळ्यात सोपं आणि सभ्य. लांब वाक्य करायचं असेल तर एक खाच आहे. ‘किती वाजले ते सांगाल का’ या मराठी वाक्यात ‘किती वाजले’ जसंच्या तसं बसतं. इंग्रजीत तसं नाही. सुटा प्रश्न ‘व्हॉट टाइम इज इट’, पण मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की ‘कुड यू टेल मी व्हॉट टाइम इट इज’. ‘इज इट’चं ‘इट इज’ होतं. चांगले शिकलेले लोकही इथे घसरतात. घसरलं तरी समजतं, म्हणून भिऊन गप्प बसू नये.

आणखी एक वाक्य आहे, ‘डू यू हॅव द टाइम?’ यातला ‘द’ गाळला तर अर्थ पालटतो. ‘डू यू हॅव द टाइम’ म्हणजे किती वाजले. ‘डू यू हॅव टाइम’ म्हणजे तुम्हाला सवड आहे का. रस्त्यात अनोळखी माणसाला ‘सवड आहे का’ विचारलं तर तो दोन पावलं मागे सरकणारच!

इथे थोडं आमच्या धंद्यातलं बोलू द्या. ‘कुड यू टेल मी द टाइम’ हा व्याकरणाने प्रश्न आहे. त्याचं सरळ उत्तर ‘हो, सांगू शकतो’. असं म्हणून कुणी चालायला लागलं तर? खोटं बोलला का तो? नाही. पण वागला चुकीचं. भाषेत आपण नुसती विधानं करत नाही, शब्दांनी कृती करतो, हे ऑक्सफर्डच्या जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत मांडलं. ते गेल्यावर १९६२ मध्ये त्याचं पुस्तक झालं. पुढे जॉन सर्ल यांनी दाखवलं की प्रश्नाच्या रूपात आपण विनंती करतो आणि ऐकणाऱ्याला ती बरोबर कळते. मराठीतही ‘मीठ आहे का?’ म्हटलं की वाढणारी ‘आहे’ म्हणून थांबत नाही, मिठाची वाटी पुढे करते. तेव्हा इंग्रजांचा प्रश्न वाकडा वाटला तरी वाकडेपणाची सवय आपल्याला घरातच आहे.

आता उत्तर समजून घेऊ. इथे इंग्रजी दोन शब्दांवर चालते, ‘पास्ट’ आणि ‘टू’. तासाचा पहिला अर्धा भाग ‘पास्ट’चा, दुसरा ‘टू’चा. पाच वाजून दहा मिनिटं म्हणजे ‘टेन पास्ट फाइव्ह’. पाचला दहा कमी म्हणजे ‘टेन टू फाइव्ह’. आम्ही विद्यार्थ्यांना सांगायचो की ‘पास्ट’ म्हणजे आपलं ‘वाजून’ आणि ‘टू’ म्हणजे आपला ‘ला’. पाच‘ला’ दहा, ‘टेन टू फाइव्ह’. फरक एवढाच, की मराठीत तास आधी आणि मिनिटं नंतर, इंग्रजीत मिनिटं आधी आणि तास नंतर. म्हणून ऐकताना घाई करू नये. पहिला आकडा ऐकला आणि निघालो, असं केलं की गाडी चुकते. वाक्य संपेपर्यंत थांबा. तास शेवटी येतो.

हा ‘टू’ जरा खट्याळ आहे. ‘टेन टू फाइव्ह’ म्हणजे चार पन्नास, आणि कुणी नोकरीबद्दल बोलत असेल तर दहा ते पाच! पावणेदोनला ‘क्वार्टर टू टू’ म्हणतात. दोनला दोन मिनिटं कमी असतील तर ‘टू मिनिट्स टू टू’. ऐकताना बँड वाजतोय असंच वाटतं. पाचच्या पटीत नसलेल्या आकड्याला ‘मिनिट्स’ हा शब्द लावतात. ‘टेन पास्ट’ चालतं, पण ‘सेव्हन मिनिट्स पास्ट’. अमेरिकेत ‘पास्ट’च्या जागी ‘आफ्टर’ आणि ‘टू’च्या जागी ‘ऑफ’ किंवा ‘टिल’ ऐकू येईल. ‘टेन ऑफ फाइव्ह’ म्हणजेही चार पन्नासच.

हे सगळं नको असेल तर सोपी वाट आहे. घड्याळावर दिसतं तसं वाचायचं. ‘फोर फिफ्टी’. ‘फाइव्ह टेन’. पाच वाजून पाच मिनिटांना ‘फाइव्ह ओ फाइव्ह’, शून्याला तिथे ‘ओ’ म्हणतात. बोलताना हीच वाट धरा, काही बिघडत नाही. पण समोरचा तीच धरेल याची खात्री नाही, म्हणून ‘पास्ट’ आणि ‘टू’ कानाला ओळखीचे हवेतच.

आता पाव आणि अर्धा. यात मराठी माणूस श्रीमंत आहे. इंग्रजीत ‘क्वार्टर’ आणि ‘हाफ’ एवढेच दोन. आपल्याकडे सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच. सव्वा म्हणजे ‘सपाद’, पावासकट. साडे म्हणजे ‘सार्ध’, अर्ध्यासकट. पावणे म्हणजे ‘पादोन’, पाव उणे. सव्वापाच ‘क्वार्टर पास्ट फाइव्ह’, साडेपाच ‘हाफ पास्ट फाइव्ह’, आणि पावणेसहा ‘क्वार्टर टू सिक्स’. पावणेमध्ये आपणही पुढच्या तासाचंच नाव घेतो, त्यामुळे हिशेब जुळतो.

पण अडीच बघा. अडीच हे ‘अर्धतृतीय’वरून आलं. म्हणजे तिसरा जो आहे तो अर्धा. दोन पूर्ण झाले, तिसरा अर्ध्यावर आहे. ‘औट घटकेचं राज्य’ म्हणतो ना आपण? त्यातला औट म्हणजे ‘अर्धचतुर्थ’, चौथा अर्धा, साडेतीन. साडेतीन घटका म्हणजे ८४ मिनिटं. तेवढंच ते राज्य! जर्मन भाषेतही अशीच रीत आहे. ‘हाल्ब नॉइन’ म्हणजे नववा तास अर्धा, म्हणजे साडेआठ.

याचा फटका आम्हाला बसलेला आहे. कांट वाचायचा म्हणून तरुणपणी आम्ही जर्मन शिकलो होतो. पुढे इंग्लंडात एका प्राध्यापकांनी भेटीसाठी ‘हाफ नाइन’ला बोलावलं. इंग्रज बोलताना ‘हाफ पास्ट नाइन’ मधला ‘पास्ट’ खाऊन टाकतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्या डोक्यात जर्मन आणि अडीच दोन्ही एकत्र झाले आणि आम्ही थंडीत साडेआठला दारात उभे. साहेब साडेनऊला आले आणि आमच्या वक्तशीरपणाचं कौतुक करत राहिले. आम्हीही खरं कारण सांगितलं नाही! लवकर पोचलो म्हणून निभावलं. उलट झालं असतं तर? म्हणून नियम एकच. ऐकलेली वेळ दुसऱ्या पद्धतीने परत म्हणून दाखवा. ‘हाफ नाइन, दॅट इज नाइन थर्टी?’ असं विचारण्यात कमीपणा काही नाही. डॉक्टरांची वेळ ठरवताना तर हे केलंच पाहिजे.

सांगायची वेळ किती नेमकी सांगावी? ४ वाजून ५८ मिनिटं झाली आहेत, कुणी विचारलं, तर ‘पाच’ म्हणणं खोटं आहे का? फ्रान्समध्ये व्हान देर हेन्स्ट, कार्ल आणि स्पर्बर या तिघा अभ्यासकांनी अनोळखी लोकांना नुसती वेळ विचारून पाहिली. त्यांचा निबंध २००२ साली आला. काट्याचं घड्याळ असलेले बहुतेक लोक जवळच्या पाचाच्या पटीत सांगत. विशेष म्हणजे आकड्यांचं घड्याळ असलेले अनेक जणही तसंच करत, जिथे नेमका आकडा नुसता वाचायचा होता. म्हणजे आळसाने नव्हे, मुद्दाम. पण ‘अमुक वाजता माझी भेट ठरली आहे’ असं आधी सांगितलं आणि ती वेळ जवळ आलेली असली, की उत्तरं नेमकी होऊ लागत. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने म्हटलं होतं की संभाषणात आपण एकमेकांना सहकार्य करतो, समोरच्याला हवं तेवढं देतो. रस्त्यावरचा माणूस ग्राइस न वाचताच ते पाळतो. इंग्रजीत असं गोळाबेरीज सांगताना ‘अबाउट’ किंवा ‘ऑलमोस्ट’ लावा. ‘वाजायला आले’ म्हणजे ‘इट्स ऑलमोस्ट फाइव्ह’. ‘पाचच्या ठोक्याला’ म्हणजे ‘फाइव्ह शार्प’. आणि ‘त्याचे बारा वाजले’ याचं मात्र भाषांतर करू नका.

आता ए.एम. आणि पी.एम. ही लॅटिन अक्षरं. मध्यान्हाच्या आधी आणि मध्यान्हानंतर. मग मध्यान्हीचे बारा नेमके कशात? ते आधीही नाहीत आणि नंतरही नाहीत. रूढी अशी की दुपारचे बारा ‘पी.एम.’ आणि मध्यरात्रीचे ‘ए.एम.’, पण गोंधळ इतका होतो की ‘नून’ आणि ‘मिडनाइट’ म्हणणंच चांगलं. आपल्या रेल्वेने हा प्रश्न २४ तासांच्या घड्याळाने सोडवला. पण तिथे दुसरी खाच आहे. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. शुक्रवारी रात्री साडेबारा म्हणजे आपल्या मनात शुक्रवारच. तिकिटावर मात्र ००:३० म्हटलं की शनिवार सुरू झाला. शनिवारच्या तारखेचं ००:३० चं तिकीट घेऊन शनिवारी रात्री स्टेशनवर गेलेली माणसं आमच्या नात्यात आहेत. गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली. चूक रेल्वेची नव्हे आणि त्यांची तरी कशी म्हणावी? दोन कालगणना फलाटावर समोरासमोर आल्या, एवढंच.

जाता जाता दोन जोड्या. मराठीतलं ‘पर्यंत’ इंग्रजीत दोन ठिकाणी फुटतं. ‘मी पाचपर्यंत थांबेन’ इथे ‘टिल फाइव्ह’, कारण थांबणं सलग चाललं आहे. ‘पाचपर्यंत अर्ज द्या’ इथे ‘बाय फाइव्ह’, कारण देणं एकदाच व्हायचं आहे, पाचच्या आत कधीही. ‘सबमिट टिल फाइव्ह’ म्हटलं तर पाचपर्यंत देतच राहायचं असं होईल. दुसरी जोडी, ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’. इथे मराठी आपल्या मदतीला येते. ऑन टाइम म्हणजे वेळेवर, इन टाइम म्हणजे वेळेत. गाडी वेळेवर येते. डॉक्टर वेळेत येतात.

आता आमच्या स्नेह्यांकडे परत जाऊ. अशी चाचणी जगभर वापरली जाते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मॉन्ट्रियल चाचणीत ३० पैकी ३ गुण या घड्याळाचे असतात, आणि वेळ हीच, अकरा वाजून दहा मिनिटं. ही वेळ निवडण्यामागे हेतू आहे. मेंदू थकलेला असेल तर ‘दहा’ ऐकून माणूस मोठा काटा दोनवर न्यायचं विसरतो आणि दहाच्या आकड्याकडे ओढला जातो. म्हणजे एक काटा दहावर आणि एक अकरावर, हे आजाराचं चिन्ह धरलं जातं. आमच्या स्नेह्यांनी नेमकं तेच काढलं होतं. पण का? त्यांना ‘टेन’ कळलं, ‘इलेव्हन’ कळलं, मधला ‘पास्ट’ कळला नाही. चूक एकच, कारणं दोन. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

मुलीच्या ते लक्षात आलं. ती वडिलांना म्हणाली, ‘बाबा, अकरा वाजून दहा मिनिटं.’ त्यांनी दुसरा कागद घेतला आणि मोठा काटा दोनवर, छोटा अकराच्या जरासा पुढे काढला. अकराच्या जरासा पुढे! हिशेबनीस माणूस. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी पुढची सगळी चाचणी दुभाष्यासह नव्याने घेतली. स्नेह्यांना थोडं विसरायला होतं ते खरंच निघालं, वयाचं आहे. पण ते जेवढं आहे तेवढंच कागदावर गेलं. भाषेचं ओझं मेंदूच्या खात्यावर पडलं नाही. तुमचे आईवडील परदेशी असतील आणि अशी तपासणी असेल, तर दुभाषी मागा. मागणं हा त्यांचा हक्क आहे, उपकार नव्हे.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*आता सगळ्यांच्या खिशात फोन आहे. वेळ विचारायची वेळच कुठे येते?*

कमी येते, खरं आहे. पण फोन आत्ताची वेळ सांगतो. दुकान कधी उघडेल, औषध कधी घ्यायचं, मुलाला कधी न्यायचं, हे माणसंच सांगतात, आणि बोलून सांगतात.

*इंग्रजीत विचारताना आमच्या उच्चाराला हसतील अशी भीती वाटते.*

आम्हालाही वाटायची. एक विचार करून बघा. पैसे मागितले तर देणाऱ्याचे कमी होतात. वेळ सांगितल्याने सांगणाऱ्याचं काहीच कमी होत नाही. म्हणून जगात कुठेही अनोळखी माणूस ही एक गोष्ट सहज देतो. परक्या भाषेत पहिलं वाक्य बोलायचं असेल तर याहून सोपी जागा नाही. विचारा, उत्तर नीट ऐका, परत म्हणून दाखवा, आणि ‘थँक यू’ म्हणा.

*‘व्हॉट इज टाइम’ असं विचारलं तर चालेल का?*

(हशा) तेही ‘द’ गाळूनच! स्टेशनवर चालणार नाही. त्याचा अर्थ ‘काल म्हणजे काय’ असा होतो. त्याचं उत्तर आम्ही चाळीस वर्षं शोधतो आहोत. ते पुढच्या व्याख्यानात, याच ठिकाणी, संध्याकाळी ‘हाफ सिक्स’ला. म्हणजे किती, ते आता तुम्हीच सांगा.